पुण्यातल्या मानसशास्त्र संशोधन संस्थेतून पीएचडी करावी का? कोल्हापुरातली नोकरी न सोडता जमेल का?

राजारामपुरी_सातवी_गल्ली

नमस्कार मंडळी, जरा लांबण लावणार आहे, सांभाळून घ्या.

मी कोल्हापूरचीच. मानसशास्त्रात एमए इथंच झालं, आता एका शाळेत काउन्सेलर आहे. म्हणजे ऑर्डरवर काउन्सेलर, बाकी रोज जो शिक्षक रजेवर असंल त्याच्या वर्गावर मीच. मधल्या सुट्टीत एखाद-दुसरं पोरगं येऊन मन मोकळं करून जातं, तेवढंच काय ते खरं काम. आणि दहावीचं वर्ष लागलं की पालक यायला लागतात, सगळ्यांचा प्रश्न एकच, मॅडम याची बुद्धी तपासून सांगा, सायन्स झेपंल का. शाळेच्या कपाटात ज्या चाचण्या पडल्यात त्यांची मॅन्युअलं माझ्या जन्माआधीची, नॉर्म्स, म्हणजे तुलनेला धरलेले सरासरी गुण, कुठल्या पोरांवर काढलेत ते वाचलं तर चंदगडचा चसुद्धा त्यात नाही. आकडा काढून देता येतो हो, पण तो आकडा आईबापाच्या हातात ठेवताना माझेच हात आखडतात.

म्हणून डोक्यात आलंय की या विषयात नीट काहीतरी शिकावं. पुण्यात ज्ञान प्रबोधिनीची मानसशास्त्राची संस्था आहे, प्रज्ञा मानस संशोधिका, पुणे विद्यापीठाला संलग्न संशोधन केंद्र आहे आणि त्यांचं काम उपयोजित मानसशास्त्रातलंच आहे असं कळलं. आता अशा संलग्न संस्थेतनं केलेली पीएचडी आणि थेट विद्यापीठाच्या विभागातनं केलेली पीएचडी यात फरक असतो का, तिथनं केली तर मला क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणवून घेता येईल का, नोकरी ठेवून जमेल का, आणि विषय म्हणून "नववी-दहावीच्या मुलांमधील परीक्षेची चिंता" कसा वाटतो? घरी पप्पांचं म्हणणं गप बीएड कर आणि पर्मनंट हो. त्यांचंही अगदीच चूक आहे असं नाही म्हणा.

कुणी या वाटेनं गेलं असेल तर सांगा प्लीज.

---

तांबडा_पांढरा

ताई मी काय मानसशास्त्रातला न्हाई, पण उपयोजित का काय म्हणतायसा ते आमच्यावर झालंय म्हणून लिवतो. एसएसबीला, म्हंजे सैन्यात अधिकारी निवडत्यात त्या मुलाखतीला, गेलतो. पहिलं चित्र दाखवून गोष्ट लिवायला लावत्यात, ११ चित्रं आणि बारावा कागद कोरा, मग ६० शब्द, एकेका शब्दाला १५ सेकंद, त्यात वाक्य झालं पायजे, मग परत ६० प्रसंग अर्ध्या तासात. हात मोडला लिवून. आमच्या अकॅडमीतल्या सरांनी उत्तरं पाठ करून घेतलीवती, सगळी पोरं शूर, सगळी पोरं प्रामाणिक, आणि सगळी घरी परत. त्या मानसशास्त्रज्ञाला कळतंयच की राव पाठ केलेलं. ही असल्या निवडीची शास्त्रं काढणारी डीआरडीओची आख्खी एक संस्था दिल्लीत हाय, डीआयपीआर म्हणत्यात. तवा पप्पांना सांगा, ह्यात नुसती पोरांची समजूत काढायचं काम नसतंय.

बाकी पीएचडीचं जाणकार सांगतीलच, मी निघालो ग्राउंडवर.

---

गाईड_नसलेला_गाईड

मी अशाच एका संलग्न केंद्रातून पीएचडी केली (तुम्ही म्हणताय ती संस्था नव्हे, दुसऱ्या विषयाची होती), त्यामुळे प्रक्रियेपुरतं सांगू शकतो.

डिग्री विद्यापीठच देतं. सर्टिफिकेटवर विद्यापीठाचं नाव, नोंदणी विद्यापीठात, थिसिसचे परीक्षक विद्यापीठ नेमतं. संस्था म्हणजे जिथं तुमचा गाईड बसतो, लायब्ररी असते, कोर्सवर्क होतं ती जागा. त्यामुळे नोकरीच्या जाहिरातीत किंवा नेट-सेटच्या कागदपत्रांत कुणी कमी समजत नाही. फरक पडतो तो गाईडचा. यूजीसीच्या २०२२ च्या नियमानुसार प्रोफेसरला एका वेळी जास्तीत जास्त ८ विद्यार्थी घेता येतात, असोसिएटला ६, असिस्टंटला ४. छोट्या संस्थेत मान्यता असलेले गाईड असतात मोजके, त्यांच्या जागा भरलेल्या असल्या की तुम्ही कितीही हुशार असा, थांबावं लागतं. शिवाय ज्यांच्या निवृत्तीला तीन वर्षांपेक्षा कमी राहिलीत ते नवीन विद्यार्थी घेऊ शकत नाहीत, हे आधी विचारून घ्या, नंतर धावपळ होते.

प्रवेशाला एमएला ५५ टक्के लागतात, आरक्षित वर्गाला ५ टक्के सवलत. मग विद्यापीठाची पीएचडी प्रवेश परीक्षा, म्हणजे पेट, किंवा नेट. पेटमध्ये निम्मे मार्क संशोधन पद्धतीला असतात, आणि आपल्याकडची पोरं तिथंच आपटतात कारण एमएला संख्याशास्त्र सगळ्यांनी गाईडबुकावर काढलेलं असतं. नेटमधून जेआरएफ, म्हणजे संशोधनाची फेलोशिप, मिळाली तर महिन्याला ३७ हजार, मग नोकरीची फिकीर नाही, पण मग फुल टाइम बसावं लागतं.

नोकरी ठेवून होतं. पार्ट टाइम पीएचडीला नियमात जागा आहे, शाळेकडून एनओसी लागते आणि त्यात असं लिहून द्यावं लागतं की नोकरी करून संशोधनाला वेळ देता येईल आणि गरज पडली तर कोर्सवर्कसाठी मोकळं सोडू. हे दुसरं वाक्य लिहायला संस्थाचालक जाम का कू करतात, त्यामुळे मुख्याध्यापकांना आत्तापासून चहाला घेऊन जात जा. कोर्सवर्क किमान १२ क्रेडिटचं. कमीत कमी तीन वर्षं, जास्तीत जास्त सहा, त्यावर पुन्हा नोंदणी करून दोन वर्षं मिळतात, आणि बाईंना आणखी दोन वर्षांची सूट आहे. वंदे भारत आठवड्यातून तीनच दिवस आहे आणि हायवेचं काम चाललंय, हे धरून वेळापत्रक आखा. गंमत नाही सांगत, माझ्या बरोबरच्या एकानं प्रवासाला कंटाळून सोडली.

---

शाहूपुरीची_ताई

क्लिनिकलचं मी सांगते, कारण यात लोकांची फार फसगत होते.

पीएचडी केली म्हणून क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट होता येत नाही. डॉक्टरेट आहे, नावापुढं डॉ. लागेल, सगळं खरं, तरी नाही. आपल्याकडं क्लिनिकल हे आरसीआयच्या, म्हणजे भारतीय पुनर्वसन परिषदेच्या, अखत्यारीत येतं, १९९२ चा कायदा आहे, आरसीआयनं मान्य केलेला कोर्स करून सेंट्रल रजिस्टरमध्ये नाव लागलं, सीआरआर नंबर मिळाला, तरच. नोंदणी नसताना ती प्रॅक्टिस केली तर त्याच कायद्यात एक वर्षापर्यंत कैद किंवा १००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही आहे. दंडाचा आकडा बघून हसू नको, कैद पण लिहिलीय. इतकी वर्षं सरळ वाट होती, एमए करून दोन वर्षांची एमफिल क्लिनिकल. २०२२ च्या नियमांत यूजीसीनं एमफिल बंद केली, मग ओरड झाल्यावर क्लिनिकल सायकॉलॉजी आणि सायकियाट्रिक सोशल वर्क या दोघांना २०२५-२६ पर्यंत मुदत दिली. त्यामुळं आता ज्याला क्लिनिकलच व्हायचंय त्यानं आरसीआयच्या साइटवर मान्यताप्राप्त कोर्सची यादी स्वतः बघूनच पैसे भरावेत, एजंट काय सांगतो त्यावर नाही.

आणि अजून एक. "घरबसल्या सायकॉलॉजीचा डिप्लोमा करा" वाल्या जाहिराती येत असतील तुला. जुलै-ऑगस्ट २०२५ च्या सत्रापासून यूजीसीनं मानसशास्त्र डिस्टन्स आणि ऑनलाइनमधून शिकवायला बंदी घातलीय. कारण २०२१ चा अलाइड हेल्थकेअरचा कायदा, त्यात हा विषय गेला.

पण तू क्लिनिकल कशाला म्हणतेस तेच मला कळलं नाही. तुझी पोस्ट परत वाचली. तुझं दुखणं चाचण्यांचं आहे, शाळेतल्या पोरांचं आहे. ते काम शालेय मानसशास्त्राचं, मानसमापनाचं, म्हणजे चाचण्या बनवायच्या आणि मोजायच्या शास्त्राचं. त्याला सीआरआर लागत नाही, डोकं लागतं. फक्त एलडीचं (अध्ययन अक्षमतेचं) सर्टिफिकेट मागायला पालक आले तर हात जोडून सरकारी दवाखान्याच्या बोर्डाकडं पाठव, ते तुझं काम नाही आणि माझ्या एकटीचंपण नाही. आणि पप्पांना सांग की २०२५ च्या जुलैमध्ये सुप्रीम कोर्टानं सांगितलंय, १०० किंवा जास्त विद्यार्थी असलेल्या शैक्षणिक संस्थेत किमान एक पात्र काउन्सेलर, सायकॉलॉजिस्ट नाहीतर सोशल वर्कर पाहिजे. अंमलबजावणी किती होईल ती होवो, जागा तर निघतील.

---

चाचणीवाला

वरच्या ताईंनी नेमकं सांगितलं. मी पुण्यात मानसमापनात बरीच वर्षं काढली, मूळचा गडहिंग्लज भागातला, त्यामुळे या प्रश्नावर लिहिल्याशिवाय राहवत नाही.

आधी संस्थेबद्दल. अप्पा पेंडशांनी १९६२ मध्ये ज्ञान प्रबोधिनी सुरू केली ती बुद्धिमान मुलांसाठी काहीतरी वेगळं करायचं म्हणून. मग पहिला प्रश्न हाच की बुद्धिमान मूल ओळखायचं कशानं. त्या काळात गिलफर्ड म्हणून अमेरिकन मानसशास्त्रज्ञ होता, त्याचं म्हणणं बुद्धी एक नसते, ५ प्रकारच्या प्रक्रिया, ४ प्रकारचा आशय आणि ६ प्रकारची फलितं, गुणाकार केला की १२० वेगवेगळ्या क्षमता. पुढं त्यानं स्वतःच ते १५० आणि नंतर १८० केलं. या चौकटीवर मराठी मुलांसाठी चाचण्या बनवायचं काम प्रबोधिनीत झालं. चौकटीवर टीकाही भरपूर झाली, १९७३ मध्ये हॉर्न आणि नॅप यांनी दाखवलं की गिलफर्डची घटक-विश्लेषणाची (गुणांवरून त्यामागच्या क्षमता शोधायची) पद्धत अशी होती की अगदी रँडम मांडलेली थिअरीसुद्धा तिच्यातून सिद्ध झाल्यासारखी दिसेल. ही टीका मला पटते. पण तरी सांगतो, चाचणी मराठीत बसून मुळापासून लिहिणं, पोरांवर चालवून बघणं, टाकाऊ प्रश्न काढणं, हे ज्यानं केलं त्याला जे कळतं ते भाषांतर करणाऱ्याला जन्मात कळत नाही. संलग्न संशोधन संस्थेत जायचं तर या कारणासाठी जावं, इमारत आणि नाव बघून नव्हे.

आता तुमच्या कपाटाबद्दल. बहुतेक त्यात बिने-कामत ही बुद्धिमापन चाचणी असेल किंवा मालिनची असेल. कामतांनी बिनेची चाचणी आपल्या शेजारी धारवाडात बसून मराठी आणि कन्नड मुलांसाठी बसवली, त्यांचं पुस्तक १९४० चं. मालिननी नागपुरात वेक्सलरची मुलांची चाचणी भारतीय केली, ती १९६९ ची. दोन्ही कामं मोठी आहेत, त्यांना नावं ठेवायची माझी लायकी नाही. पण नॉर्म्स म्हणजे फुटपट्टीवरच्या रेघा, आणि त्या रेघा त्या वेळच्या मुलांवर मारलेल्या आहेत. जेम्स फ्लिननं १९८४ मध्ये अमेरिकेतले आकडे लावून दाखवलं की तिथं दर दहा वर्षांना सरासरी साधारण ३ गुणांनी वर सरकत गेली. आपल्याकडं तोच वेग धरता येणार नाही, तरी दिशा तीच असली तर जुन्या नॉर्म्सवर आजचं पोर आहे त्यापेक्षा हुशार दिसणार. बाप खूश होऊन सायन्सला घालणार, आणि अकरावीत त्याचं काय होतं ते तुम्ही बघताच.

दुसरं, त्रुटी. समजा चाचणीची विश्वसनीयता, म्हणजे परत घेतली तरी तेच गुण येण्याची खात्री, १ पैकी ०.९१ आहे, म्हणजे चांगलीच म्हणायची. प्रमाण विचलन, म्हणजे सगळ्या पोरांचे गुण सरासरीपासून किती पसरलेत ते, १५ धरलं तर मापनाची प्रमाण त्रुटी येते ४.५. म्हणजे ज्याला १०४ मिळाले तो ९५ टक्के खात्रीनं ९५ ते ११३ च्या दरम्यान कुठंतरी आहे. एवढी मोठी पट्टी. तिच्यावर सायन्स की कॉमर्स ठरवायचं? म्हणून पालकांना आकडा न देता पट्टी सांगायची, आणि सोबत नववीचे गणिताचे मार्क, पोराला काय आवडतं, घरी अभ्यासाला जागा आहे का, हे विचारायचं. राज्यानं २०१६ पासून काही वर्षं दहावीच्या सगळ्या पोरांची कल चाचणी घेतली होती, आठवत असेल. कल निघाला फाइन आर्टचा आणि गावात फाइन आर्टचं कॉलेजच नाही, असे रिपोर्ट घेऊन पोरं यायची. चाचणी पोराचं काहीतरी सांगते, गावाचं सांगत नाही.

परीक्षेच्या चिंतेबद्दल स्पष्ट बोलतो, राग मानू नका. या विषयावर ढिगानं थिसिस पडलेत. स्पीलबर्गरची परीक्षेची चिंता मोजायची १९८० ची प्रश्नावली घ्यायची, मराठी करायची, १०० मुलगे १०० मुली, शहरी-ग्रामीण, दोन गटांची सरासरी ताडणारी टी-टेस्ट लावायची, मुलींमध्ये चिंता जास्त निघाली, संपलं. डिग्री मिळेल. तुमच्या कपाटाचा प्रश्न जिथल्या तिथंच राहील.

---

राजारामपुरी_सातवी_गल्ली

राग नाही आला, उलट बरं वाटलं, एवढं सरळ कुणी बोलत नाही. क्लिनिकलचं डोक्यातनं काढून टाकलं, ताई थँक्यू. ते ९५ ते ११३ वालं मी आज स्टाफरूममध्ये सांगितलं तर गणिताचे सर म्हणाले मग चाचणी घेताच कशाला, त्यावर मला पटकन उत्तर सुचलं नाही.

चाचणीवाला सर, मग विषय कसा शोधायचा? आणि पुण्यालाच जाणं गरजेचं आहे का?

---

दसरा_चौक_कट्टा

मी जरा विरोधी सूर लावतो. चाचणीवाले सर म्हणतात ते ज्ञान खरं आहे पण पुणं म्हटलं की आपल्या लोकांना सगळं शहाणपण तिकडंच दिसतं. शिवाजी विद्यापीठही १९६२ चंच आहे म्हटलं! कोल्हापूर, सांगली, सातारा तीन जिल्हे त्याच्याखाली. गाईड इथं मिळाला तर घरचं जेवण खाऊन काम होईल, आणि मुख्य म्हणजे तुझा डेटा इथंच आहे. पुण्यात राहून शिरोळ तालुक्यातल्या पोरांची चाचणी कशी घेणार?

विषय तर इथं पायाखाली पडलेत. २०१९ आणि २०२१ च्या पुरात पंचगंगेची धोका पातळी ४३ फूट असताना राजाराम बंधाऱ्याला पाणी ५५ फुटांच्या वर गेलं, आंबेवाडी-चिखलीची माणसं दोनदा घर सोडून निघाली, त्यांची पोरं आता तुझ्या दहावीच्या वर्गात असतील. पाऊस लागला की त्यांचं काय होतं यावर कुणी नीट बसून काम केलंय का बघ. शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या फाउंड्रीत रात्रपाळी करणाऱ्यांची झोप आणि अपघात, हा एक विषय. तालमीतल्या पोरांचा वजन उतरवतानाचा ताण, हा एक. पेठेतल्या फुटबॉलवर तर पाच थिसिस होतील, फक्त पाटाकडील आणि दिलबहार या दोन संघांच्या पोरांना एका खोलीत बसवू नकोस.

---

चाचणीवाला

दसरा चौक, पुण्याचा आग्रह नाही माझा. गाईड जिथं मानसमापन जाणणारा मिळेल तिथं जावं, इथं मिळाला तर सोन्याहून पिवळं. मी एवढंच म्हणतो की गाईडचं स्वतःचं काम आधी वाचा. त्यानं कधी एखादी चाचणी बनवली आहे का, की सगळे विद्यार्थी तयार प्रश्नावल्याच वाटत फिरतायत, हे यादी बघितली की कळतं. आणि प्रबोधिनीत पीएचडी नाही केली तरी त्यांचे छोटे कोर्स, कार्यशाळा असतात, त्या करता येतील.

राजारामपुरी, तुमच्या गणिताच्या सरांना सांगा, चाचणी नाही घेतली तर निर्णय आत्याच्या मुलानं काय केलं त्यावर होतो, त्याची त्रुटी किती आहे ते मोजायचीसुद्धा सोय नाही.

विषयाचं म्हणाल तर माझ्या मनात बरीच वर्षं एक आहे, घ्या हवा तर. साखर हंगामात बीडकडून ऊसतोड टोळ्या येतात, कारखान्याच्या तळावर कोप्या पडतात, पोरं साखरशाळेत नाहीतर फडात. यांची बुद्धी कशी मोजणार? लोक म्हणतात, सोपं आहे, भाषा नको असलेली चाचणी घ्या, रेव्हनची रंगीत घ्या. ५ ते ११ वर्षांसाठी, ३६ प्रश्न, चित्राचा तुकडा कापलेला, खालच्या सहांतला योग्य निवडायचा. भाषा नाही, पण पुस्तकातलं चित्र बघून सहांतलं एक बोटानं दाखवायचं ही सवयच शाळेची आहे. ज्या पोरानं दरवर्षी निम्मी शाळा बुडवली त्याला पहिले काही प्रश्न खेळ काय आहे हेच कळत नाही, आणि आपण ते मार्क बुद्धीच्या खात्यात टाकतो. मग करायचं असं की आधी सराव द्यायचा, साध्या लाकडी ठोकळ्यांवर तीच कल्पना समजावायची, आणि सरावाआधीचे आणि नंतरचे गुण ताडून बघायचे. सराव दिल्यावर ज्याचे गुण भराभर चढतात त्या पोराबद्दल तुम्हाला काहीतरी नवीन कळलं. वायगॉट्स्की या रशियन मानसशास्त्रज्ञानं हा विचार फार पूर्वी मांडलाय, आपल्या मातीत करून बघायला कोण आहे.

एक व्यवहाराची गोष्ट, रेव्हनच्या झेरॉक्स काढून वापरू नका. कॉपीराइट आहे, आणि थिसिस तपासणारा परवानगीचं पत्र मागतो. अस्सल संच घ्या, केंद्राच्या लायब्ररीत असतो बहुतेक वेळा, फक्त सही करून नेता येतो का ते विचारा.

---

राजारामपुरी_सातवी_गल्ली

सर हे वाचून अंगावर काटा आला कारण आमच्याच शाळेत अशी दोन-चार पोरं हंगामात येऊन बसतात आणि मार्चनंतर दिसत नाहीत, आम्ही त्यांना हजेरीवर पेन्सिलीनं लिहितो. पण टोळीपर्यंत पोचायचं कसं? मी शहरातली, कारखाना फक्त वासानं माहीत आहे.

---

तांबडा_पांढरा

ग्राउंडवरनं आलो. हे आता माझ्या विषयातलं निघालं, आमचा ऊस हाय.

ताई साहेब लोकांकडं जाऊ नका पहिलं, कारखान्याच्या शेती ऑफिसला नुसतं नाव सांगून ठेवा आणि गटाच्या चिटबॉयला, म्हंजे तोडीची नोंद ठेवणाऱ्या कारखान्याच्या माणसाला, गाठा. कुठली टोळी कुठल्या गावात कुणाच्या फडात हाय ते त्याच्या डायरीत असतंय. मग टोळीचा मुकादम. मुकादम हो म्हटला की सगळी टोळी हो. नाहीतर आईबाप म्हणणार सर्वेवाली आली, पोरं उचलून शाळेत घालंल, आणि पोरं पाचटात लपत्यात. दिवसा जाऊ नका, आईबाप तोडीला असत्यात, संध्याकाळी कोपीवर चूल पेटायच्या आधी जावा. सह्या घ्यायच्या असल्या तर अंगठ्याचं शाईपॅड न्या आणि कागद वाचून दाखवा, नुसता पुढं करू नका.

आणि ठोकळे जास्तीचे घेऊन जावा, येताना कमी भरतील.

---

गाईड_नसलेला_गाईड

यात भर एवढीच: मुलं अज्ञान आहेत, त्यामुळे पालकांची संमती आणि मुलाचा स्वतःचा होकार दोन्ही लागतात, आणि संस्थेच्या एथिक्स कमिटीकडे हे सगळं आधी मंजूर करून घ्यावं लागतं. डेटा गोळा करून मग मंजुरी मागितली तर तो डेटा बाद. हंगाम साधारण नोव्हेंबरला लागतो, म्हणजे या वर्षी नुसती पाहणी करा, दोन टोळ्यांशी ओळख करा, आणि पेटचा फॉर्म भरा. गाईडला भेटायला जाताना विषयाचं नाव लिहून नेऊ नका, एक पान न्या ज्यावर वर चाचणीवाल्यांनी लिहिलेला प्रश्न तुमच्या शब्दांत असेल आणि खाली तुम्ही स्वतः बघितलेलं काहीतरी. त्या पेन्सिलीच्या हजेरीचं लिहा.